दारू सोडल्यानंतरचा राग

दारू सोडली की माणूस शांत होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला त्या पहिल्या वर्षात पाहिलेलं नाही. मी आयुष्यात कधी इतका चिडलेलो नव्हतो. पीत होतो तेव्हाही नाही.

सेलूला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदीचे दिवस. गावात केबल नुकतीच येत होती, पण आसपासच्या खेड्यांत अजून छतावर अँटेनाच असायचे. सायकलला पाईप बांधून मी ते लावायला जायचो. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे दारू दुकानात मिळत नसे, बाकी सगळीकडे मिळे. नाल्याकाठी मोहाची, पानठेल्याच्या मागे पिशवीतली, आणि बाटलीच हवी असेल तर जिल्ह्याची हद्द ओलांडली की समोरच बार. मी बारा वर्षं यातलं काही सोडलं नव्हतं.

एका दुपारी एका घराच्या कवेलूंच्या छपरावर चढून अँटेना फिरवत होतो. खालून घरची मंडळी ओरडत होती, "आलं, आलं! गेलं! अजून थोडा फिरवा!" मी थोडा फिरवला आणि पाईपसकट खालच्या गोठ्यात पडलो. उजवं मनगट मोडलं. वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात भरती झालो. तिसऱ्या दिवशी अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, आणि चादरीवर मुंग्या फिरताना दिसू लागल्या. मुंग्या नव्हत्या. मी मात्र त्या झटकत होतो.

जखमेची पट्टी बदलणारा ड्रेसर चाळिशीचा, गप्प गप्प असणारा माणूस होता. त्याने माझे हात पाहिले आणि हळूच विचारलं, "किती वर्षांपासून?"

"मी पीत नाई," मी म्हटलं.

"मी बी हेच म्हणत होतो," तो म्हणाला आणि ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो एका म्हाताऱ्याला घेऊन आला. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, काखेत छत्री. आंजीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले गुरुजी. नाव मी सांगणार नाही. आमच्यात नाव बाहेर सांगायचं नसतं, आणि तो नियम मी अजून पाळतो. गुरुजी स्टुलावर बसले. मला वाटलं आता उपदेश होणार. पण ते स्वतःचंच सांगत बसले. प्रजासत्ताक दिनाला सगळ्या गावासमोर झेंडा चढवताना ते इतके प्यालेले होते की दोरी धरली होती म्हणून उभे होते. दोरी सोडली आणि चुन्याने आखलेल्या चौकोनात बसले. पोरं हसली. "नऊ वर्षं झाली," ते म्हणाले, "एक थेंब नाई घेतला. तू रविवारी येजो."

मी गेलो, कारण घरी बसलो असतो तर बायको समोर असती.

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग रविवारी दुपारी आणि बुधवारी संध्याकाळी वर्ध्याच्या एका प्राथमिक शाळेत भरत असे. खोली पहिलीच्या वर्गाची होती. बाक पहिलीच्या पोरांचे. पन्नाशीचे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन त्या बाकांवर बसलेले, भिंतीवर क कमळाचा, ख खटाऱ्याचा, आणि प्रत्येक जण उठून म्हणतो की मी दारुडा आहे. मला संताप आला. म्हटलं, ही काय थट्टा चालली आहे! हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, डोकं ठणकतंय, आणि समोर कोणी तरी हसत हसत सांगतोय की त्याने एकदा पिऊन स्वतःच्याच घराचं दार समजून पोलीस चौकीचं दार वाजवलं होतं. सगळे हसले. मी हसलो नाही.

गुरुजी माझे स्पॉन्सर झाले. स्पॉन्सर म्हणजे जुना माणूस, जो नव्या माणसाचा हात धरतो. मला वाटलं होतं ते काही तरी सांगतील, समजावतील. त्यांनी मला कामाला लावलं. "अर्धा घंटा आधी येजो. बाक लावजो. चाय झाली की कप धुवून ठेवजो."

"माझा हात मोडलाय, गुरुजी."

"दुसरा हाय ना."

डाव्या हाताने मी कप धूत होतो आणि मनात या माणसाला शिव्या घालत होतो. काहीही विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "आजचा दिवस झाला का? झाला. मंग उद्याचं उद्या पाहू." मला उद्याचंच पाहायचं होतं. हे किती दिवस चालणार ते मला कोणी सांगत नव्हतं. गोडाची अशी हाव सुटली होती की गोरसपाकाचा अख्खा पुडा मी बसमध्ये एकट्याने संपवायचो. झोप येत नसे. दुकान उघडलं तरी गिऱ्हाईक येत नसे, कारण मी पीत असताना लोकांचे सेट महिना महिना दाबून ठेवले होते आणि आता सगळे दुसऱ्या मेकॅनिककडे जात होते. मी शुद्धीवर आलो होतो, पण ते कळवायला कुणाच्या दारी जाणार? जुने सोबती दुकानासमोरून जाताना हात जोडायचे आणि म्हणायचे, "काय भगतबुवा, मजेत?"

सगळ्यांत जास्त राग बायकोचा यायचा. ती अंगणवाडीत सेविका होती. मी पडलो तेव्हा मुलीला घेऊन हिंगणघाटला माहेरी गेली होती, मी दवाखान्यातून सुटलो तशी परत आली. परत आल्यावर ती मला काही बोलली नाही. शिवी नाही, शाबासकी नाही. फक्त मी बाहेरून आलो की दारातच उभी राहायची.

"हा करा."

मी तोंड उघडून श्वास सोडायचो. ती वास घ्यायची. मग बाजूला सरकायची. मी आत जायचो. रोज. मुलगी बघत असली तरी. हत्यारांची पेटीही ती उघडून बघायची, पक्कड, सोल्डरिंगची तार, सगळं खालीवर करून. चाळिसाव्या दिवशी मी मोजून सांगितलं, "आज चाळीस झाले. आता तरी पुरे कर." ती म्हणाली, "हा करा."

मी रविवारी गुरुजींसमोर फणफणलो. म्हटलं, घरात चोरासारखं वागवते. चाळीस दिवस झाले तरी इसवास नाही.

गुरुजी छत्रीची काडी नीट करत होते. वर न पाहता म्हणाले, "बारा वर्षं तू तिले वास घ्याले लावला. तिनं चाळीस दिवस आपल्या मनानं घेतला तं तुले राग येऊन राह्यला?"

हिशोब बरोबर होता, म्हणून आणखी राग आला.

त्याच दिवशी मीटिंगमध्ये माझा तोल गेला. पोलीस चौकीवाला उठला आणि पुन्हा तीच गोष्ट सांगू लागला. मी सहाव्यांदा ऐकत होतो. मी मध्येच उभा राहिलो. "हे काय नाटक हाय? दर रविवारी तेच! इथं माणूस मरून राह्यला, अन् तुमी चौकीचं दार वाजवून राह्यले!" मला वाटलं आता कोणी तरी उठून मला बाहेर काढेल, आणि मला तेच हवं होतं. बाहेर काढलं असतं तर थेट पानठेल्यामागे जायला मी मोकळा झालो असतो, आणि दोष त्यांचा. पण मीटिंग चालवणारा ड्रेसर म्हणाला, "धन्यवाद, भाऊ. पुढं कोण बोलते?" आणि पुढचा माणूस बोलायला लागला. मी उभाच. मग बसलो. गुडघा बाकावर आपटला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

असे अडीच महिने गेले. प्लास्टर निघालं. हाताची थरथर कमी झाली आणि एका आठवड्यात मी दोन सेट नीट करून दिले. मला वाटू लागलं, चिडत चिडत का होईना, हे जमतंय.

मग एका रविवारी शाळेची खोली बंद होती. किल्ली गुरुजींकडे असे आणि ते नऊ वर्षांत एकदाही उशिरा आले नव्हते. आम्ही सात-आठ जण व्हरांड्यात उभे. उन्हाळ्याची दुपार, पत्रा तापलेला. अर्धा तास गेला, एक तास गेला. शेवटी ड्रेसरने चौकातल्या एसटीडीवरून आंजीला गुरुजींच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच जुन्यांना कळलं. मला कळलं नाही.

"काय झालं? तब्येत?" मी विचारलं.

"स्लिप झाले," तो म्हणाला. "चार दिवस झाले. पेऊनच हायत."

मी हसलो. खरंच हसलो, मला ती चूक वाटली. मग लक्षात आलं की कोणीच हसत नाही.

पडलेल्या माणसाकडे एकट्याने जायचं नाही असा नियम. ड्रेसर निघाला आणि सोबत कोण म्हणून त्याने पाहिलं. मीच पुढे झालो. काळजी वाटली म्हणून नव्हे. मला त्या माणसाला जाब विचारायचा होता.

आंजीची बस गच्च भरलेली होती. उभ्यानेच गेलो. रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मला कप धुवायला लावले, बायकोसमोर मान खाली घालायला लावली, उद्याचं उद्या म्हणून तोंड बंद केलं, आणि स्वतः?

घर ओटीचं, सारवलेलं. गुरुजींची बायको दारातच होती. तिने आम्हाला पाहिलं आणि बाजूला झाली. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आतल्या खोलीत खाटेवर गुरुजी बनियनवर पडले होते. पांढरी दाढीची खुंटं वाढलेली. खाटेखाली पितळी गडवा होता, त्याच्यावर पेपरचा तुकडा झाकलेला.

मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी तो वास आला. मोहाचा. आंबूस, गोड, जरासा जळका. बस्स, माझं जुळवलेलं सगळं बोलणं उडालं. तोंडाला पाणी सुटलं. हे लिहायला आजही लाज वाटते, पण खोटं काय लिहू. मला गुरुजी दिसेनात. गडवा तेवढा दिसत होता, आणि पेपरच्या तुकड्याखाली किती उरली असेल याचा मी अंदाज करत होतो.

गुरुजींनी डोळे उघडले. आधी ड्रेसरला पाहिलं, मग मला. आणि ते उठून बसायची धडपड करू लागले.

"याले काऊन आणलं?" ते ड्रेसरवर ओरडले. जीभ जड झाली होती, पण आवाज हेडमास्तरचा होता. "याले शंभर दिवस बी नाई झाले! अक्कल हाय का तुले? बाहीर काढ याले! आंगनात बसव!"

ड्रेसरने माझा दंड धरला. मी झटकला. "मले काऊन हाकलता? तुमी काय करून राह्यले ते पाहा!" बसमध्ये जुळवलेल्यातलं मी एवढंच बोलू शकलो.

"मी काय करून राह्यलो ते मले दिसते," गुरुजी म्हणाले. "तू बाहीर जा, बापू. हात जोडतो तुले. जा."

त्यांनी खरंच हात जोडले. हात इतके कापत होते की एकमेकांना लागत नव्हते. मी अंगणात जाऊन बाजेवर बसलो. माझ्याजवळ रागाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तोही त्या माणसाने माझ्याकडून काढून घेतला होता. पिऊन पडलेल्या माणसाने मला वाचवावं, याच्यावर चिडायचं तरी कसं?

ड्रेसर तिथेच थांबला. त्याने मला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिलं आणि शाळेची किल्ली माझ्या खिशात कोंबली. "बुधवारची मीटिंग तू उघडजो," एवढंच म्हणाला.

सेलूला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. पानठेला तिथेच, चाळीस पावलांवर. मी तिथवर गेलो. ठेलेवाल्याने मला पाहिलं आणि काही न विचारता हात मागे नेला. मी म्हटलं, "सुपारी दे." का म्हटलं ते माहीत नाही. कदाचित त्याने विचारलं असतं तर पिशवीच मागितली असती. सुपारी घेतली आणि घरी आलो.

बायको दारात. मी तिला आधीच सगळं सांगितलं. गुरुजी पडले, मी गेलो, वास आला, तोंडाला पाणी सुटलं, ठेल्यापर्यंत जाऊन आलो. बारा वर्षांत मी तिला दारूबद्दल सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती. मला वाटलं, आता तरी हिचं मन विरघळेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हा करा."

मी हा केला. ती बाजूला सरकली. थोड्या वेळाने ताट वाढून समोर ठेवलं, आणि पहिल्यांदाच माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.

बुधवारी मी खोली उघडली. बाक लावले. चहा झाल्यावर कप धुतले. ते करायला दुसरं कोणी नव्हतं.

गुरुजी दीड महिन्याने आले. वाळून गेले होते. ते दाराजवळच्या बाकावर बसले, जिथे नवे लोक बसतात, आणि उठून म्हणाले, "मी दारुडा हाय. आज माझा अकरावा दिवस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. नऊ वर्षं पाण्यात घालवून अकरा दिवसांना टाळ्या! माझे तेव्हा चार महिने झाले होते. त्या दिवसांच्या हिशोबाने मी गुरुजींपेक्षा ज्येष्ठ झालो होतो आणि ते मला अजिबात सहन होत नव्हतं.

चहानंतर ते माझ्या शेजारी येऊन कप धुऊ लागले. मी दुसरीकडे पाहत होतो. असं जवळजवळ तीन महिने चाललं. ते धुवायचे, मी पुसायचो, आम्ही बोलत नव्हतो. शेवटी मीच एकदा विचारलं, "गुरुजी, झालं काय होतं?"

मला कारण हवं होतं. भांडण, मरण, अपमान, काहीही. कारण कळलं असतं तर मी ते टाळलं असतं. वायर कुठे तुटली ते कळलं की सेट सुरू होतो, एवढंच मला आयुष्यात येत होतं.

गुरुजींनी हातातला कप विसळला. "काईच नाई झालं," ते म्हणाले. "दुपार होती. घरी कोणी नव्हतं. मी पेपर वाचत होतो. पेपर वाचून झाला, अन् मी उठलो."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"असं कसं, गुरुजी!" मी कप आपटला. त्याचा कान तुटला. "नऊ वर्षं! असं कसं काईच नाई झालं?"

"मले सापडलं तं तुले सांगीन," ते म्हणाले.

त्यांना ते कधी सापडलं नाही. पुढच्या वर्षांत ते आणखी एकदा पडले, आठवडाभर, आणि परत आले. मी पडलो नाही. यात माझं शहाणपण नाही. बराच काळ मी निव्वळ हट्टाने राहिलो. म्हातारा पडतो काय, मग मी राहून दाखवतो. पुढे पुढे हट्टाची गरज कमी झाली. बायकोने दारात उभं राहणं कधी थांबवलं ते मला सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की मी सरळ आत येतोय आणि ती स्वयंपाकघरातून विचारतेय, भाजी कोणती आणली. कधीपासून, ते मी विचारलं नाही. विचारलं तर तिला पुन्हा आठवेल अशी भीती वाटली.

नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकत होते. एका सकाळी ड्रेसरचा फोन आला. गुरुजी गेले. हृदयाचा झटका, अंघोळीला पाणी काढत असताना. दुसऱ्या वेळी पडून उठले त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं एक थेंब नाही.

आम्ही सहा जण आंजीला गेलो. अंगणात गावातले लोक, शाळेतले जुने मास्तर, नातेवाईक. मी खांद्यावर पंचा टाकून कडेला उभा होतो. माझ्या पुढ्यात दोघे जण बोलत होते.

"शेवटी दारूनंच नेलं," एक म्हणाला.

"नाई तं काय. झेंड्याच्या दिवशी पडला होता तो, आठवते?" दुसरा म्हणाला.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी त्यांच्याकडे वळलो. ड्रेसरने मागून माझा सदरा घट्ट धरला. काय सांगणार होतो मी? की या माणसाने तीन वर्षं घेतली नव्हती? तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. मग आम्ही कोण, कुठे भेटतो, काय करतो, सगळं आलं असतं. ते सांगायचं नाही. ज्याचं आहे त्यालाच सांगायचा हक्क, आणि तो तर तिरडीवर.

त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोण पाव्हणे? गावचे दिसत नाई."

"ओळखीचे," मी म्हटलं.

"कुठच्या ओळखीचे? शाळेतले का?"

आम्ही सहाचे सहा जण मान खाली घालून. लोक आमच्याकडे बघायला लागले. तेव्हा गुरुजींची बायको बायकांच्या घोळक्यातून उठली. तिच्या तोंडून मी वर्षानुवर्षं एक शब्द ऐकला नव्हता. ती ओट्यावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्याईले काई इचारू नका. ते यांचे लोक हायत. त्याईले खांदा देऊ द्या."

लोक बाजूला झाले. मी उजव्या बाजूने, पुढे, खांदा दिला. मोडून जुळलेलं मनगट ओझ्याने दुखत होतं आणि मी वाटभर त्या दोघांवर, गावावर, गुरुजींवर, सगळ्यांवर धुमसत होतो. शेतांना नुकतं पाणी दिलेलं होतं. वाट ओली होती, पाय घसरत होते, आणि ड्रेसर मागून दर दहा पावलांवर सांगत होता, "सांभाळून. सांभाळून चाला."